सीफर्ड ते ईस्टबर्न : खडूच्या कड्यावरून एका दिवसाची वाटचाल

सह्याद्रीत दोन-चार पावसाळे हिंडलेला माणूस शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी लंडनला आला, की पहिल्या वर्षी त्याची एक तक्रार ठरलेली असते : इथे डोंगर नाहीत. तक्रार खरी आहे. लंडनहून गाडीने दोन तासांच्या टप्प्यात सिंहगडाशी बरोबरी करील असा एकही डोंगर सापडत नाही. मात्र दक्षिणेला ससेक्सच्या किनाऱ्यावर समुद्रात सरळ तुटलेले पांढरे कडे आहेत आणि त्यांच्या माथ्यावरून सीफर्ड या लहानशा गावापासून ईस्टबर्न या शहरापर्यंत एक मळलेली वाट जाते. ही वाट म्हणजे इंग्लंडच्या संपूर्ण किनाऱ्याला वळसा घालणाऱ्या सुमारे ४,३०० किलोमीटर लांबीच्या ‘किंग चार्ल्स तिसरा इंग्लंड कोस्ट पाथ’चा एक तुकडा आहे. सगळा किनारा चालायला कित्येक महिने लागतील. हा तुकडा सकाळी घरून निघून रात्री घरी जेवायला परत येऊन पुरा करता येतो. अंतर सुमारे २१ ते २२ किलोमीटर, वेळ विश्रांतीसह सात ते आठ तास. वाट चुकण्याची भीती जवळजवळ नाही, कारण पश्चिमेकडून पूर्वेकडे निघाले की समुद्र दिवसभर उजव्या हाताला राहतो.

एवढ्यावरून कोणी ही सोपी सहल समजेल, म्हणून या वाटेवरची एकमेव गंभीर गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण ती नेमकी आपल्या सवयीच्या आड येते.

कड्याविषयी आधी

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर गेलेला माणूस पालथा पडतो, सरपटत धारेपर्यंत जातो आणि मान बाहेर काढून खाली बघतो. तिथेही ते जपूनच करायचे असते, पण पोटाखाली बेसॉल्टचा घट्ट कातळ असल्यामुळे ते खपून जाते. इथे तेच केले तर जिवावर बेतू शकते. हे कडे खडूचे आहेत. शाळेतल्या फळ्यावरचा खडू बहुतेक वेळा जिप्समचा असतो. हा मात्र अस्सल खडू, म्हणजे समुद्रातल्या सूक्ष्म जीवांच्या कवचांचा आठ-नऊ कोटी वर्षांपूर्वी तळाशी साचलेला थर. वयाने तो आपल्या दख्खनच्या कातळाहून थोरला आहे, पण ताकदीने त्याच्या पासंगालाही पुरत नाही. नखाने ओरखडला तर पीठ निघते. लाटा पायथा पोखरतात, पावसाचे पाणी भेगांतून मुरते, हिवाळ्यात ते गोठून फुगते आणि एखाद्या दिवशी, कधीकधी अगदी स्वच्छ उन्हाच्या दिवशीसुद्धा, शेकडो टनांचा तुकडा खाली जातो. वर्षाला सरासरी २० ते ३० सेंटीमीटर झीज होते असे म्हटले, तरी ती दरवर्षी इतकी-इतकी अशी होत नाही. दहा वर्षे काही हलत नाही आणि मग तीन मीटर एकदम जातात.

धारेवर उभे राहिलेल्या माणसाला आपल्या पायाखाली कडा आहे की खालून पोखरून निघालेली नुसती छपरी आहे, हे कळायला मार्ग नसतो. वर हिरवे गवत अगदी टोकापर्यंत उगवलेले असते आणि ते पाहून जमीन भक्कम वाटते. दुरून, म्हणजे मागच्या टेकडीवरून पाहिले, तरच आपण मघाशी उभे होतो ती जागा हवेत किती पुढे आली होती ते दिसते. २०१७ साली इथेच धारेजवळ उडी मारून छायाचित्र काढून घेताना एक परदेशी विद्यार्थिनी कोसळून मृत्यू पावली. तिला कोणी सावध केले नव्हते असे नव्हे. इशाऱ्याच्या पाट्या जागोजाग आहेत. कठडा मात्र जवळजवळ कुठेही नाही, आणि तो लावला तरी काही वर्षांत कड्याबरोबर समुद्रात जाईल.

म्हणून माझा साधा नियम : धारेपासून कमीत कमी दहा मोठी पावले आत. गवतात समांतर जाणाऱ्या तीन-चार पायवाटा दिसतात. त्यांतली नेहमी डावीकडची, जमिनीच्या बाजूची वाट धरावी. जमिनीला भेग दिसली तर भेगेच्या समुद्राकडच्या भागावर पाय ठेवू नये. मुले बरोबर असतील तर त्यांना आपल्या डाव्या हाताला ठेवावे. वारा जोराचा असेल तर हे अंतर आणखी वाढवावे. आणि कड्याच्या अगदी खाली, दगडगोट्यांच्या किनाऱ्यावर, भिंतीला टेकून डबा खायला बसू नये, कारण वरून सुटलेला दगड आवाज करत येत नाही.

कधी जावे आणि कोणत्या दिशेने

एप्रिलच्या मध्यापासून सप्टेंबरच्या अखेरीपर्यंतचे दिवस नवख्यांसाठी उत्तम. जूनमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे उशीर झाला तरी घाबरण्याचे कारण नसते. डिसेंबरात चार वाजताच सूर्य मावळतो. त्या दिवसांत पूर्ण वाट चालायची असेल तर पहाटेची गाडी धरावी लागते आणि कड्याच्या माथ्यावर अंधारात सापडणे म्हणजे वर सांगितलेला सगळा धोका दुप्पट करून घेणे. पहिल्या खेपेला हिवाळा टाळावा हे बरे.

हवामानाचा अंदाज आदल्या रात्री पाहावा, तोही लंडनचा नव्हे, ईस्टबर्नचा. पावसापेक्षा वाऱ्याचा आकडा महत्त्वाचा. ताशी ४० मैलांचे झोत सांगितले असतील तर बेत पुढे ढकलावा. या किनाऱ्यावर वारा बहुतेक करून नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून सीफर्डहून ईस्टबर्नकडे चालावे. वारा पाठीवर राहतो. उलट दिशेने निघालेली मंडळी वाटेत भेटतात आणि त्यांचे डोळे बारीक झालेले असतात. शिवाय ईस्टबर्नहून लंडनला थेट गाड्या आहेत, त्यामुळे थकलेल्या पायांना परतीच्या वाटेवर गाडी बदलावी लागत नाही.

काय बरोबर घ्यावे

गडावर जाताना जे घेतो त्यातले निम्मे इथे लागत नाही. दोर नको, विजेरी उन्हाळ्यात नको, दांडका असला तर उतारावर गुडघ्यांना बरे. बूट मात्र खोल खाचांच्या तळव्याचेच हवेत. कोरडा खडू काही त्रास देत नाही, पण ओला खडू साबणाच्या वडीसारखा निसरडा होतो, आणि गुळगुळीत तळव्याच्या धावण्याच्या बुटांनी ओल्या गवताचा उतार उतरणे म्हणजे घसरगुंडीच. जीन्स घालू नये. भिजली की दिवसभर वाळत नाही. अंगावर पातळ कपड्यांचे दोन-तीन थर आणि सॅकमध्ये वारा व पाऊस दोन्ही अडवणारे जॅकेट असावे. छत्री घरीच ठेवावी, पहिल्याच टेकडीवर तिचा कावळा होतो.

संपूर्ण वाटेवर सावली म्हणून नाही. समुद्रावरच्या गार वाऱ्यात ऊन जाणवत नाही आणि संध्याकाळी आरशात पाहिल्यावर धक्का बसतो. पूर्वेकडे चालताना सूर्य दिवसभर उजवीकडे म्हणजे दक्षिणेला असतो, त्यामुळे चेहऱ्याची उजवी बाजू आणि विशेषतः उजवा कान भाजून निघतो. टोपी आणि सनस्क्रीन ही चैन नव्हे.

माणशी दोन लिटर पाणी घ्यावे. खाण्यासाठी आपले दशमी-चटणी, धपाटे, गुळपोळी, शेंगदाण्याचे लाडू यांना तोड नाही. ती दाबली तरी बिघडत नाहीत आणि वाऱ्यात उडत नाहीत. एकदा मी हौसेने कोरडी भेळ नेली होती. तिचे काय झाले ते त्या दिवशीच्या कुरव पक्ष्यांना ठाऊक. कचरा परत आणावा, त्यात संत्र्याच्या सालीही आल्या.

नकाशा हवाच असेल तर ऑर्डनन्स सर्व्हेचा ‘एक्सप्लोरर ओएल २५’ हा कागदी नकाशा हा सगळा भाग दाखवतो. फोनमध्ये नकाशा उतरवून ठेवला तरी काम भागते. वाटेच्या खांबांवर ओक वृक्षाच्या फळाचे, म्हणजे एकॉर्नचे, चिन्ह असते. इंग्लंडमधल्या राष्ट्रीय पायवाटांची ती खूण आहे. पिवळा बाण केवळ पायी चालणाऱ्यांसाठी आणि निळा बाण सायकल व घोडेस्वारांनाही मोकळा, एवढे लक्षात ठेवले की पुरे.

गाडी आणि तिकीट

लंडन व्हिक्टोरिया स्थानकातून निघून लुईस येथे गाडी बदलून सीफर्डला पोचायला साधारण दीड तास ते पावणेदोन तास लागतात. आठच्या सुमारास निघाले तर दहाच्या आत चालायला सुरुवात करता येते. तिकीट घेताना जाणे सीफर्डला आणि येणे ईस्टबर्नहून आहे हे खिडकीवर स्पष्ट सांगून योग्य तिकीट मागावे. फोनवर घाईने सीफर्डचेच परतीचे तिकीट काढून नंतर ईस्टबर्नच्या फाटकावर वाद घालणारे मी पाहिले आहेत. तीन ते नऊ जण एकत्र असतील तर गर्दीच्या वेळा सोडून गटसवलतीने एकतृतीयांश पैसे वाचतात, आणि विद्यार्थ्यांकडे सवलतीचे रेलकार्ड असतेच. रविवारी रुळांची कामे निघतात व गाडीऐवजी बस येते, म्हणून शनिवार बरा.

पहिला टप्पा : सीफर्ड ते ककमिअरचे मुख

स्थानकातून पाच-दहा मिनिटांत समुद्र लागतो. तिथे डावीकडे वळावे. किनाऱ्यावर एक गोल, ठेंगणा बुरूज दिसतो. नेपोलियनच्या स्वारीच्या भीतीने दक्षिण किनाऱ्यावर बांधलेल्या मार्टेलो बुरुजांच्या रांगेतला हा सर्वांत पश्चिमेकडचा, ७४ क्रमांकाचा बुरूज. स्वच्छतागृह इथे किनाऱ्यावरच वापरून घ्यावे, कारण पुढचे सहा किलोमीटरांवर आहे आणि मध्ये आडोसा म्हणून झुडूपही धड नाही.

फरसबंदी रस्ता संपतो तिथून सीफर्ड हेडची चढण सुरू होते. दिवसातली पहिली चढण म्हणून ती अंगावर येते, पण वीस मिनिटांत माथा येतो. उन्हाळ्यात उजवीकडच्या कड्याच्या कपारींत किटिवेक नावाच्या कुरवांची घरटी असतात व त्यांचा कलकलाट खालूनच ऐकू येतो. माथ्यावरून गोल्फचे मैदान डावीकडे ठेवून चालत राहावे. मग होप गॅप नावाची घळ लागते आणि तिच्या पुढच्या उतारावर पोचताच समोर ते दृश्य उघडते, ज्यासाठी बहुतेक लोक इथे येतात : पुढ्यात तटरक्षकांची जुनी बैठी घरे, त्यांच्यामागे ककमिअर नदीचे मुख आणि पलीकडे एकामागून एक वरखाली होत गेलेले पांढरे कडे. त्यांचे नाव सेव्हन सिस्टर्स, सात बहिणी. आपल्याकडे पाणवठ्यावरच्या साती आसरा माणसाला पाण्यात ओढतात म्हणून त्यांच्या वाटेला जाऊ नये असे जुनी माणसे सांगत. या सातजणींचे नाव ऐकून मला पहिल्यांदा त्याच आठवल्या, आणि कड्याजवळ जायचे नाही हा नियम लक्षात राहायला ती आठवण अजून उपयोगी पडते.

छायाचित्र इथेच काढावे. दिवसभरात याहून चांगली जागा मिळत नाही, आणि इथून काढताना धारेपाशी जाण्याची गरजही नसते.

दुसरा टप्पा : नदी ओलांडणे

घरांपाशी उतरले की नवखा माणूस पहिली चूक करण्याच्या बेतात येतो. नदी समोर आहे, पलीकडचा काठ शंभर पावलांवर दिसतो, ओहोटी असेल तर पाणी गुडघाभरच आहे असे वाटते, आणि पूल मात्र जवळजवळ दोन किलोमीटर आत आहे. म्हणजे दोन किलोमीटर जायचे आणि दुसऱ्या काठाने तितकेच परत यायचे. ‘बूट हातात घेऊन पार होऊ’ हा विचार प्रत्येकाच्या मनात येतो. कोकणात वाढलेल्या माणसाच्या मनात तो येऊ नये, कारण खाडीच्या मुखाशी ओहोटीचे पाणी वरून संथ आणि खालून किती ओढीचे असते हे त्याला सांगावे लागत नाही. तळाशी गाळ आणि सुटे गोटे आहेत, पाणी उन्हाळ्यातही बोचरे गार असते आणि भरती फिरली की काही मिनिटांत खोली बदलते. मी स्वतः पहिल्या खेपेला तसा प्रयत्न केला, मांडीपर्यंत पाण्यात गेलो, एक बूट हातातून सुटला, तो मित्राने धावत जाऊन धरला आणि आम्ही मुकाट्याने पुलाकडे निघालो. वाचवायला निघालेला तास तसाही गेलाच, वर उरलेला दिवस ओल्या मोज्यांत काढला.

पुलाकडे जाणारी वाट नदीकाठच्या बांधावरून जाते. पाऊस पडून गेला असेल तर इथे चिखल असतो. सपाट कुरणात नदीची मोठमोठी नागमोडी वळणे दिसतात, पण वाहते पाणी त्यांत नाही. १८४०च्या दशकात नदीसाठी सरळ कालवा खणून तिला समुद्राकडे वळवले आणि जुनी वळणे तशीच पाण्याने भरून राहिली. बगळे पाहायचे असतील तर ते त्या वळणांवर असतात.

पुलाजवळच्या वस्तीचे नाव एक्सीट. इथे स्वच्छतागृह, चहा-कॉफी, पब आणि ब्रायटन-ईस्टबर्न मार्गावरच्या १२ क्रमांकाच्या बसचा थांबा आहे. हा दिवसाचा पहिला निर्णयाचा टप्पा समजावा. साधारण बारा वाजले असतील आणि पाय ठीक असतील तर पुढे जावे. दोन वाजून गेले असतील, कोणाचा घोटा दुखत असेल किंवा ढग उतरत असतील, तर बस धरून ईस्टबर्नला जावे आणि मनात काही ठेवू नये. भारतातून आईवडील आले असतील तर त्यांच्यासाठी उलट करावे : थेट बसने एक्सीटला यावे आणि नदीच्या पूर्व काठाने जाणाऱ्या सपाट, पक्क्या वाटेवरून समुद्रापर्यंत फिरवून आणावे. चढण एकही नाही आणि कडे खालून दिसतात.

तिसरा टप्पा : सात बहिणी, म्हणजे आठ

एक्सीटहून समुद्राकडे परत यायला दोन वाटा आहेत. एक काठाकाठाने जाणारी सपाट, दुसरी मागच्या टेकडीवरून नदीची वळणे दाखवत जाणारी. दोन्ही शेवटी हॅवन ब्राउ या पहिल्या बहिणीच्या पायथ्याशी येतात. ही सर्वांत उंच, ७७ मीटर, आणि तिची चढण सर्वांत दमवणारी. तिच्या माथ्यावर पाणी प्यावे आणि पुढे पाहावे.

आकड्यांवर जाऊ नये. ७७ मीटर हे ऐकायला काहीच वाटत नाही, पण इथे चढलेली उंची टिकत नाही. चढायचे, लगेच उतरायचे, पुन्हा चढायचे, असे चार किलोमीटर. मधल्या या खोलगट जागा म्हणजे हिमयुगात गोठलेल्या जमिनीवरून वाहिलेल्या पाण्याने कोरलेल्या दऱ्या आहेत. त्यांत आता पाणी नाही, आणि समुद्राने पुढचा भाग कापून नेल्यामुळे त्या कड्याच्या तोंडाशी अधांतरी उघड्या पडल्या आहेत. उतार गवताळ आणि बरेच तीव्र आहेत. सरळ खाली धावत सुटू नये. तिरके, खेकड्यासारखे उतरावे, आणि वळणे जमिनीच्या बाजूला घ्यावीत. मोजत गेल्यास टेकड्या आठ भरतात. वाटेत भेटलेल्या प्रत्येक गटात यावरून वाद चाललेला असतो आणि आपणही तो घालावा, चढण सोपी जाते.

इथे मेंढ्या चरत असतात. फाटके ज्या स्थितीत असतील त्या स्थितीत ठेवावीत, बंद असेल तर आपल्यामागे बंद करावे. गवत उंच असेल तिथे बसून उठल्यावर पायांवर गोचीड चिकटलेली नाही ना ते पाहावे, कारण या देशात गोचिडीच्या चाव्याने लाइम नावाचा आजार होऊ शकतो. घरी गेल्यावर गुडघ्यामागे आणि कमरेशी पुन्हा एकदा पाहावे. मे-जूनमध्ये डोक्यावर चंडोल गात असतात, पण ते शोधण्यासाठी वर बघत चालू नये.

शेवटची बहीण उतरली की बर्लिंग गॅप येते.

चौथा टप्पा : बर्लिंग गॅप

दुपारचे तीन-साडेतीन झालेले असतात. नॅशनल ट्रस्टचे उपाहारगृह आणि स्वच्छतागृह इथे आहे, आणि कड्यावरून किनाऱ्यावर उतरणारा धातूचा जिना आहे. बाजूला काही घरांची एक आखूड रांग दिसते. ती रांग पूर्वी लांब होती; टोकाची घरे कडा जवळ आला तशी एकेक करून पाडावी लागली. वर सांगितलेली झीज म्हणजे काय हे पाट्या वाचून कळत नाही, ते त्या शेवटच्या घराच्या भिंतीकडे पाहून कळते.

जिना उतरून किनाऱ्यावर थोडा वेळ बसायला हरकत नाही, भिंतीपासून दूर. पांढऱ्या गोट्यांत काळ्या चकमकीच्या दगडांचा खच असतो. मात्र खालच्या किनाऱ्यावरून कुठल्याही दिशेने पायी निघू नये. बर्लिंग गॅप ते ककमिअरचे मुख या पूर्ण टप्प्यात वर यायला एकही वाट नाही आणि भरतीचे पाणी थेट कड्याला लागते. खाली कोणी अडकलेला दिसला किंवा आपल्यावरच तशी वेळ आली, तर ९९९ला फोन करून पोलीस किंवा रुग्णवाहिका न मागता ‘कोस्टगार्ड’ मागावा. स्वतः खाली उतरून मदत करायला जाऊ नये.

फोनची गंमत इथली. कड्यावर समुद्राकडे तोंड करून उभे राहिले की फोनला कधीकधी इंग्लिश खाडीपलीकडच्या फ्रान्सचे जाळे सापडते, तो फ्रान्समध्ये स्वागत करतो आणि घड्याळ एक तास पुढे नेतो. एकदा आम्ही उपाहारगृहात निवांत बसलो होतो. एकाने फोन पाहिला, साडेपाच वाजलेले, आणि अंधाराच्या आत पोचायचे म्हणून सगळे अर्धा चहा टाकून पळत सुटलो. पाऊण तासाने दुसऱ्याच्या मनगटी घड्याळाने खरी वेळ सांगितली. फोनवर जाळे आपोआप निवडण्याची सोय सकाळीच बंद करून ठेवावी; पैसेही वाचतात.

हा दुसरा निर्णयाचा टप्पा. इथून ईस्ट डीन हे गाव आतल्या बाजूला सुमारे दीड किलोमीटरवर आहे आणि तिथे १२ क्रमांकाची बस मिळते. १३ एक्स ही बस बर्लिंग गॅपपर्यंत येते, पण ती हंगामी आहे, म्हणून तिच्या भरवशावर राहण्याआधी त्या दिवसाचे वेळापत्रक पाहावे. पुढे अजून सुमारे नऊ किलोमीटर आहेत.

पाचवा टप्पा : बीची हेड आणि उतरण

बर्लिंग गॅपहून निघालेल्या चढणीवर बेल टूट नावाचे जुने दीपगृह लागते. ते १८३२ साली कड्याच्या माथ्यावर बांधले. धुके आले की माथ्यावरचा दिवा जहाजांना दिसेना, म्हणून १९०२ साली पुढे बीची हेडच्या खाली, समुद्रातच, तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचे ४३ मीटर उंचीचे नवे दीपगृह उभारले. जुने दीपगृह मग घर झाले. कडा त्याच्या उंबऱ्याशी आल्यावर १९९९ साली ती अख्खी इमारत जॅकवर उचलून, रुळांवरून सरकवत १७ मीटर मागे नेली. ज्यांना पाय मोकळे करायला निमित्त हवे त्यांनी इथे पाच मिनिटे थांबावे. पण इमारतीला वळसा घालताना वाट तिच्या जमिनीकडच्या बाजूने जाते, समुद्राकडच्या बाजूने नव्हे, हे ध्यानात ठेवावे.

पुढची चढण लांब आणि मंद आहे. दिवसाच्या शेवटी ती संपता संपत नाही असे वाटते. वर १६२ मीटरवर बीची हेड आहे, ब्रिटनमधला खडूचा सर्वांत उंच समुद्रकडा. खालचे दीपगृह पाहण्याचा मोह इथे सर्वांनाच होतो आणि ते नेमके धारेशी गेल्याशिवाय दिसत नाही असे वाटते. तसे नाही. माथ्याच्या आधी, पश्चिमेकडून येतानाच, वाट वळते तिथून आत उभे राहून ते चांगले दिसते. तिथेच पाहून घ्यावे आणि माथ्यावर धारेकडे जाऊ नये.

माथ्यावर रस्त्याला लागून पब आहे. तिथून ईस्टबर्न दिसू लागते, आणि आता झालेच असे वाटते. अजून पाच किलोमीटर आहेत. शेवटची उतरण तीव्र आहे, सॅकचे पट्टे आवळून घ्यावेत आणि बुटाची नाडी घोट्याशी घट्ट बांधावी, म्हणजे अंगठे पुढे आपटत नाहीत. उतार संपतो तिथे साउथ डाउन्स वे या दुसऱ्या लांब वाटेचा फलक आहे. विंचेस्टरहून १६० किलोमीटर चालत आलेले लोक इथे फोटो काढत असतात आणि त्यांच्याकडे पाहून आपल्या पायदुखीविषयी गप्प बसावेसे वाटते.

तिथून किनाऱ्याच्या सपाट रस्त्याने शहरात जावे. स्थानक पाऊण तासावर आहे. ज्यांना तेवढेही नको त्यांना शहरातली बस मिळते. लंडनची थेट गाडी साधारण दीड तास घेते. रात्रीच्या गाड्यांची वेळ सकाळीच टिपून ठेवलेली असावी.

गाडीत बसल्यावर बूट पांढरे झालेले दिसतील. ओला खडू फडक्याने पुसू नये, तो शिवणीत शिरतो आणि मग निघत नाही. बूट रात्रभर वर्तमानपत्रावर वाळू द्यावेत आणि सकाळी गॅलरीत कोरड्या ब्रशने झटकावेत; सगळा खडू पीठ होऊन खाली पडतो.